कडू तुकडा

हवालदाराने तुकडा हुंगला, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

धाकटीला वाटलं, वास लागला नसेल. त्याच्या जबड्याखालची गाठ आता मुठीएवढी झाली होती आणि नाकाची एक बाजू सुजून बंद होती. तिने पावाचा तुकडा दुसऱ्या नाकपुडीशी नेला. "घे रे. घे राजा, थंडीत किती वेळ उभी करतोस मला?"

तेव्हा तो उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे, म्हातारं माणूस खाटेवरून उठतं तसा हप्त्याहप्त्याने. दोन पावलं मागे सरकला आणि घशातल्या घशात गुरगुरला.

तिने मागे वळून पाहिलं. कुणी परका येऊन उभा आहे की काय? मेंढवाड्याच्या कुंपणापलीकडे नुसतं धुकं होतं. तो तिच्यावरच गुरगुरला होता.

हा कुत्रा या घरी आला तेव्हा ती नवी नवरी होती. थोरली सून शहरात जाऊन युगं लोटली, तरी ही धाकटी ती धाकटीच राहिली. आणि कुत्र्याने एकही दिवस नोकरी केली नाही, तरी तो हवालदार झाला. नाव मेंढ्यांच्या व्यापाऱ्याने ठेवलेलं. चांगलं मटणाचं हाड पुढे केलं होतं त्याने, आणि कुत्र्याने त्या हाडाकडे असं पाहिलं होतं की व्यापाऱ्यालाच लाज वाटली. "अरे, जगात हा एकच हवालदार, जो कुणाच्या हातचं खात नाही!" म्हणून तो पोट धरून हसला होता. नाव चिकटलं ते चिकटलंच.

तो खायचा फक्त धाकटीच्या हातचं. नवऱ्याच्या नाही, सासऱ्यांच्या नाही, तिच्या लेकीच्या, चिमीच्याही नाही.

ही सासऱ्यांची रीत होती. मेंढीचोर आधी कुत्र्याला गाठतात. पावात गुंगीचं काहीतरी कालवून कुंपणावरून टाकतात, आणि सकाळी कुत्रा घोरत असतो नि मेंढवाडा मोकळा. म्हणून सासरे पिल्लू आणलं की एक हात ठरवायचे. पूर्वी तो हात सासूबाईंचा असायचा. हे पिल्लू आलं तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून हात नव्या सुनेचा ठरला. मग वाटेने जाईल त्या ओळखीच्या माणसाला थांबवायचं, एक तुकडा हातात द्यायचा आणि सांगायचं, "घाल त्याला." त्या तुकड्यात कडूजहर मुळीची पूड भरलेली असे. पिल्लू हावरटासारखं झडप घालायचं, मग तोंडाला फेस आणून मातीत नाक घासत फिरायचं. आणि संध्याकाळी धाकटीने स्वच्छ, दुधात भिजवलेला तुकडा द्यायचा. सगळे हात कडू, एक हात गोड. पावसाळा सरेपर्यंत पिल्लू शहाणं झालं होतं.

तुकडा मुठीत आवळून ती घरात आली. सासरे चुलीपाशी, गुडघ्यावर एक अशक्त कोकरू घेऊन, त्याचे पाय चोळत बसले होते. मेंढ्या विण्याचा हंगाम ऐन भरात होता आणि वारं असं झोंबरं की ओलं कोकरू जमिनीवर पडताक्षणी काकडून जायचं.

"मामा, हवालदार माझ्यावर गुरगुरला."

सासऱ्यांचे हात थांबले नाहीत. "काय देत होतीस?"

"पाव. आत गोळी होती."

जनावरांच्या डॉक्टरने मागच्या बाजाराला येऊन गाठ चाचपली होती. हाडात उतरलंय, म्हणाला, छातीतही गेलंय. आता बरं करण्यासारखं काही नाही. गोळ्या देतो, त्याने कळा दबतील. पुढच्या महिन्याच्या बाजाराला येतो, मग ठरवू. काय ठरवायचं ते न सांगता सगळ्यांना कळलं होतं. तेव्हापासून धाकटी रोज सकाळ-संध्याकाळ पावात गोळी लपवत होती. पहिल्यांदा त्याने निमूट गिळली. मग खाताना मध्येच थांबून तिच्याकडे बघायला लागला. काल तुकडा तोंडात धरून बराच वेळ नुसता उभा होता.

"चाखून बघितलीस गोळी?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी कशाला चाखू कुत्र्याची गोळी?"

"चाख."

तिने पाव उकलला, गोळीला जिभेचं टोक लावलं. टाळूपासून कानापर्यंत कडवटपणा चढला. आणि त्याबरोबर एकदम खलबत्ता आठवला, हिरवा चुडा, नाकातोंडात जाणारी पूड, आणि पलीकडच्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज: बारीक कूट गं, भरड राहिली तर निवडून टाकेल.

"मुळी कुणी कुटली होती त्या वेळी?" सासरे म्हणाले.

"मीच."

"मग? तो काही चुकला नाही. आपण शिकवलं तेच त्याने केलं." त्यांनी कोकराला कुशीवर वळवलं. "चुकलो आपण. माझ्याही डोक्यात आलं नाही."

धाकटी तिथेच उंबऱ्यावर बसली. कळा दबाव्यात म्हणून दिलं होतं तिने. पण त्याच्या हिशेबी काय झालं होतं? घरातला शेवटचा हातही चोराचा निघाला होता.

*

दुपारी तिने साधा तुकडा नेला. गोळी नाही, काही नाही. तिने त्याच्यासमोर पाव मोडून दाखवला, आतला भाग उलटा करून दाखवला, जणू त्याला पाहून समजणारच होतं. हवालदार पुढच्या पंजांवर हनुवटी ठेवून पडून राहिला. तोंडाच्या कडेने लाळेची तार गळत होती, तिला वास मारत होता.

"हे बघ, मी खाते." तिने अर्धा तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. "बघ, मेले का मी?"

वाटेवरून हाक आली. "काय वहिनी! कुत्र्याच्या वाटणीचं तुम्हीच खाताय? सासरा पोटाला देत नाही की काय?"

मेंढ्यांचा व्यापारी होता, सायकलवरून एक पाय खाली टेकवून उभा. धाकटीने ओठावरचे कण मनगटाने पुसले. तोंडात घास होता म्हणून तिला उत्तरही देता येईना. व्यापारी हसत पायडल मारणार, तेवढ्यात त्याची नजर त्या गाठीवर गेली. त्याने टोपी मागे सारली.

"अरेरे," तो हळू म्हणाला. "हवालदार निवृत्त झाला म्हणायचा." आणि न हसता निघून गेला.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. "त्याला जबडाच हलवता येत नसेल गं. आजारात भूक मरते. तू उगाच मनाला लावून घेतेस."

तिलाही ते पटवून घ्यायला आवडलं असतं. पण संध्याकाळी एक मेंढी कुंपणाकडेला व्यायली, आणि हवालदार फरफटत तिथवर गेला आणि मेंढीची पडलेली वार तोंडाच्या एका बाजूने, थांबत थांबत, चावून खाल्ली. धाकटी दुधाची चरवी घेऊन उभी राहून बघत होती. जबडा हलत होता. भूकही होती. जमिनीवरचं चालत होतं, तिच्या हातचं तेवढं नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती चिमीला अंघोळ घालत होती तेव्हा बाहेर झटापट ऐकू आली. ओल्या पोरीला तशीच टॉवेलात गुंडाळून ती धावली. नवऱ्याने हवालदारावर गोणपाट टाकलं होतं, सासरे त्याचा जबडा उघडू पाहत होते, आणि गोणपाटाखालून असा आवाज येत होता की तो कुत्र्याचा आहे हे सांगावं लागलं असतं.

"सोडा! अहो सोडा त्याला!"

"अगं, गोळी पोटात जायला नको का? कळा सोसतोय तो." नवऱ्याच्या अंगठ्यातून रक्त ठिबकत होतं. गोळी चिखलात पडली होती, पांढरी, अख्खी.

गोणपाट निघालं तसा हवालदार कुंपणाच्या पार कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. सासरे गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांना दम लागला होता.

"जाऊ दे," ते म्हणाले. "माझ्याच हाताने बांधलेली गाठ, माझ्याच्याने सुटत नाही."

*

दूध पेल्यात ओतून तिने चिमीपुढे ठेवलं. चिमीने पेला उचलला, नाकाशी धरला.

"आई, कडू नाही ना?"

"नाही गं बाई. किती वेळा विचारशील?"

पोरगी तीन वर्षांची झाली तरी अंगावरचं सोडत नव्हती. मागच्या हंगामात धाकटीने त्याच मुळीची पूड ओली करून छातीला लावली होती. बायका लावतातच. चिमी तोंड लावून थबकली होती, आणि मग रडली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिने मान वर करून आईकडे नुसतं पाहिलं होतं. त्यानंतर पोरगी आजोबांपाशी झोपायला लागली. धाकटीने मग काय नाही केलं? साखर दिली, बाहुली दिली, छाती धुऊन परत जवळ ओढली. जितकं द्यावं तितकी पोर लांब पळायची.

मग कशी आली होती परत?

धाकटी पेल्याकडे बघत आठवत राहिली. द्यायचं थांबवलं तेव्हा. लोकर पिंजायला बसली होती ती, चिमीकडे लक्षही नव्हतं, आणि केव्हातरी पाठीला एक लहानसं ऊबदार ओझं टेकलं होतं. तिने तेव्हा वळून पाहिलं नव्हतं. भीती वाटली होती, हललं तर उडून जाईल.

दूध संपवून चिमीने पेला उपडा करून दाखवला. धाकटी हात पुसत उठली आणि मेंढवाड्यात गेली. काही न घेता.

हवालदारापासून चार हातांवर ती जमिनीवर बसली, दोन्ही तळवे उताणे मांडीवर ठेवून. त्याने एक डोळा उघडला. नाक तिच्या दिशेने हललं. वास येण्यासारखं काही नव्हतं, दूध आणि मेंढ्यांचा वास तेवढा, जो तिच्या अंगाला कायमचाच होता. त्याने डोळा मिटला.

त्या दिवसापासून जमेल तेवढा वेळ ती अशी बसू लागली. आणि जमत कुठे होतं? मेंढ्या एकामागून एक विणार, एखादी अडली की धाकटीलाच हात घालावा लागणार, कारण घरात सगळ्यांत लहान हात तिचा. कोपरापर्यंत रक्ताने माखून ती उठायची, बादलीत हात बुडवायची आणि परत कोपऱ्यात जाऊन बसायची. थंडीने तळव्यांना भेगा पडल्या होत्या.

"मेंढ्या व्यायल्यात, कोकरं काकडतायत, आणि आमच्या सूनबाई कुत्र्याला दर्शन देत बसल्यात," सासरे ऐकू जाईल असं म्हणाले.

मागे खराट्याचा आवाज यायला लागला. नवरा तिच्या वाटणीचं शेण-लेंड्या लोटत होता, अंगठ्याला चिंधी बांधून. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तीही त्याच्याकडे बघायची थांबली. काही उपकार न बघितलेलेच बरे असतात.

हवालदार आता ती आली की उठून जात नव्हता. चार हातांचे दोन हात झाले, तरी पडून राहिला. पण लाळ पुसायला तिने बोटं पुढे केली की डोकं उचलून बाजूला घ्यायचा. रागाने नाही, परक्या घरी पोरं पदार्थ नको म्हणतात तशा सभ्यपणाने. तेच तिला जास्त लागायचं. बाजाराला अजून अवकाश आहे, ती मनाशी म्हणायची. येईल. चिमी आली होती, हाही येईल.

मग एका दुपारी वारं पडलं, ऊन निघालं. मेंढ्या चरायला गेल्या होत्या, मेंढवाडा शांत होता, आणि त्या शांततेत तिला तो आवाज ऐकू आला. हवालदार कण्हत नव्हता. कण्हणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो दात आपटत होता. दर थोड्या वेळाने जबडा थरथरायचा आणि वरचे दात खालच्यांवर वाजायचे, आणि तेवढं होताना तो पंजा मातीत रोवून धरायचा. त्याच्या पंजापुढे मातीत चर पडला होता. आजचा नव्हता तो. बरेच दिवस उकरत आणला होता. मेंढ्यांच्या कालव्यात तिने कधी ऐकलंच नव्हतं.

ती उठून थेट नवऱ्याकडे गेली. तो पाण्याची टाकी घासत होता.

"डॉक्टरांना फोन करा. उद्याच या म्हणावं."

"उद्या?" तो टाकीतून बाहेर आला. "अगं, तूच म्हणत होतीस ना, बाजारापर्यंत थांबू, तोवर तो…"

"ते मी माझ्यापुरतं म्हणत होते. त्याला कुणी विचारलं होतं?"

नवऱ्याने हातातला काथ्या टाकीच्या कडेवर ठेवला.

"नाही घेतलं माझ्या हातचं तर नाही घेतलं," ती म्हणाली. "त्याला किती दिवस सोसायला लावायचं मी, माझी समजूत काढावी म्हणून?"

*

सकाळी तिने चिमीला आत झोपू दिलं. मेंढवाड्यात जाऊन कोपऱ्यात बसली, आज एका हातावर. काल संध्याकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. नवऱ्याने चहा आणि पावाचा तुकडा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"खा तरी. मेंढी अडली तर हात थरथरेल."

चहा प्यायली. पाव तसाच ओच्यात राहिला.

डॉक्टरची मोटारसायकल फाटकाशी थांबली, आणि हवालदार उठला. कुठून बळ आलं कोण जाणे. मानेवरचे केस उभे राहिले, धाकटीच्या आणि फाटकाच्या मध्ये तो पाय फाकवून उभा राहिला आणि असा गुरगुरला की आतल्या मेंढ्या एका बाजूला सरकल्या.

डॉक्टर फाटकापाशीच थांबला. "बापरे! अजून हजेरीवर आहे की."

"नुसतं बोलत नका राहू," सासरे म्हणाले.

"मी जवळ कसा येऊ, आजोबा? तोंड बांधावं तर गाठ आहे." डॉक्टरने पिशवीतून पुडी काढली. "ताई, हे त्या पावात घालून द्या. गुंगी येईल, मग मी सुई देतो. त्याला कळणारसुद्धा नाही."

नवऱ्याने धाकटीकडे पाहिलं. सासऱ्यांनी जमिनीकडे.

"पावात नाही घालायचं," धाकटी म्हणाली.

"अहो, तुम्ही दिलं तर घेईल ना?"

"घेणार नाही. आणि घेतलं असतं तरी दिलं नसतं."

"सूनबाई," सासरे म्हणाले, "शेवटचंच आहे गं. सुखाने जाईल."

"मामा, ज्याची जन्मभर भीती घातली, तेच करून पाठवू का त्याला? तुम्ही मागून या डॉक्टर. मी धरते."

"चावेल तो."

"चावला तर मला चावेल. तुम्ही या."

ती हवालदारापुढे गुडघ्यांवर बसली. त्याची नजर तिच्या खांद्यावरून डॉक्टरवर होती. तिने एक हात त्याच्या मानेभोवती घातला. तो आक्रसला, पण डॉक्टर कुंपणाच्या कडेने फिरत होता आणि हवालदाराला एका वेळी एकच चोर सांभाळता येत होता. तिने दुसरा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, त्याच्या तोंडासमोर आडवा धरला.

"इकडे बघ. माझ्याकडे बघ रे. मी आहे ना इथे."

सुई मांडीत गेली तसा त्याने जबडा उघडला आणि तिचा हात दातांत धरला. दुखरा जबडा, लाळ, तो वास, आणि दातांची टोकं कातडीवर. नवरा पुढे झेपावला. "थांबा," ती म्हणाली. "थांबा, हलू नका कुणी."

हवालदाराच्या तोंडात तिचा हात होता आणि तो चावत नव्हता. नुसता धरून होता, कोकराला उचलून आणताना धरायचा तसा. त्याला कळलं असावं, काय धरलंय ते. जीभ एकदा कातडीवरून फिरली. मग त्याने हळूच जबडा सैल केला, हात सोडला, आणि त्यावर उमटलेल्या दातांच्या खुणांचा वास घेत राहिला. बराच वेळ. डॉक्टर मागे सरकून उभा राहिला.

औषध चढायला लागलं. मागचे पाय आधी बसले. तिने त्याला खाली टेकू दिलं आणि स्वतःही मांडी घालून बसली. ओच्यात पावाचा तुकडा होता, गुडघ्यावर बसताना चुरडलेला. तिने तो झटकायला म्हणून उचलला आणि हातात धरून तशीच राहिली, तळवा जमिनीवर टेकवून. पुढे केला नाही. "घे" म्हणाली नाही.

हवालदाराचं नाक हललं. तुकड्याकडे आलं, थांबलं. तो हुंगत राहिला, या कडेने, त्या कडेने, डोळे जड होत असतानाही, ज्याने जन्मभर प्रत्येक तुकडा तपासला त्याच्या सवयीने. धाकटीने श्वास धरला होता. तळव्याची भेग हुळहुळत होती.

मग त्याने पुढच्या दातांनी, बोटांना धक्का न लावता, तुकडा उचलला.

चावणं त्याला जमलं नाही. तुकडा गालाच्या बऱ्या बाजूला सरकवून त्याने हनुवटी तिच्या तळव्यावर ठेवली. तिने दुसऱ्या हाताने लाळ पुसली. त्याने पुसू दिली. कानामागे, जिथे केस अजून पिल्लासारखे मऊ होते, तिथे ती बोटं फिरवत राहिली. डोळे मिटले तसं तिने डॉक्टरकडे पाहून मान हलवली.

दुसरी सुई शांतपणे झाली. बरगड्या वर आल्या, खाली गेल्या, पुन्हा एकदा वर आल्या. डॉक्टरने छातीला नळी लावून ऐकलं आणि नळी कानातून काढली. आत एक कोकरू आईला शोधत बें-बें करत होतं.

डॉक्टर सवयीने हवालदाराचं तोंड नीट मिटवायला वाकला. "घास अडकलाय याच्या गालात," तो म्हणाला. "काढतो."

त्याची बोटं ओठापर्यंत गेली होती. सासऱ्यांनी खाली वाकून त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या, डॉक्टर. तिच्या हातचं आहे ते."